विचारा, सांगते : राष्ट्रपती भवनाच्या दारात ‘अहो, मीच ती’ चालत नाही

प्रश्न : ताई, नमस्कार. आमचा इंदिरानगरचा ज्येष्ठ नागरिकांचा गट आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये दिल्ली-आग्रा करायचं घाटतंय. चोवीस जण तयार आहेत. राष्ट्रपती भवन आतून बघायचं, ही बहुतेकांची हौस. आधी नोंदणी करावी लागते एवढं ऐकलंय. आमच्यातले एक म्हणतात, गेटवर ऐनवेळी पास मिळतो. दुसरे म्हणतात, एजंटला पैसे दिले की काम होतं. तिसऱ्यांचे भाचेजावई दिल्लीत सरकारी नोकरीत आहेत, ‘ते बघतील सगळं’ असं चाललंय. नेमकं करायचं काय आणि किती दिवस आधी? दोघींना गुडघ्यांचा त्रास आहे, तेही लक्षात घ्या.
— एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : भाऊ, भाचेजावयांपासूनच सुरुवात करते, म्हणजे तो विषय एकदाचा मिटेल. माणूस चांगला असेल. दिल्लीत उतरल्यावर चहाला बोलावेल, करोलबागेत बायकांना साड्यांचं दुकान दाखवेल. पण यादीत तुमचं नाव नसलं, तर तोही तुमच्याबरोबर फाटकाबाहेरच उभा राहील. मी ३१ वर्षं नाशिकरोडला सिक्युरिटी प्रेसमध्ये, म्हणजे सरकारी छापखान्यात, नोकरी केली. गेटवरचा जवान मला चांगला ओळखायचा. ‘आज लेट हो गया दीदी’ म्हणायचा, मुलाच्या दहावीचा निकाल विचारायचा, आणि विचारता विचारता पास बघायचा. रोज. एकदा पास घरी राहिला, तर जेलरोडपर्यंत रिक्षा करून परत जावं लागलं होतं. त्याला मी माहीत होते, पण त्याचं काम मला ओळखण्याचं नव्हतं, पास बघण्याचं होतं. राष्ट्रपती भवनाचं फाटक त्याच जातीचं आहे, फक्त मोठं.

एजंटचं म्हणाल, तर त्याला पैसे कशाचे द्यायचे? नोंदणी राष्ट्रपती भवनाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर होते. घरी बसून, मोबाईलवर. मी गेल्या वेळी केली तेव्हा मुख्य इमारतीला माणशी ५० रुपये पडले होते. एजंटही तोच फॉर्म भरतो, वर चोवीस जणांचे आधार क्रमांक त्याच्या मोबाईलमध्ये जाऊन बसतात. गूगलवर शोधलंत तर चार वेगवेगळी पानं समोर येतील. ज्याच्या पत्त्याच्या शेवटी ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ आहे तेच खरं, बाकीच्यांकडे फिरकू नका.

गेटवर पास मिळतो म्हणणारे तुमचे स्नेही मात्र अगदीच खोटं बोलत नाहीत. त्यांनी बाग पाहिली असणार. राष्ट्रपती भवनात बघण्याच्या जागा तीन : मुख्य इमारत, संग्रहालय आणि अमृत उद्यान. अमृत उद्यान म्हणजे पूर्वीचं मुघल गार्डन, २०२३ च्या जानेवारीत नाव बदललं. तिन्हींची नोंदणी वेगवेगळी, वेळा वेगळ्या, शिरायची फाटकंही वेगळी. बाग बघायला पैसे लागत नाहीत आणि तिथे आधी नोंदणी न केलेल्यांसाठीही ३५ नंबरच्या गेटबाहेर नोंदणीची यंत्रं ठेवलेली असतात. त्यामुळे बाग पाहून आलेला माणूस नाशकात येऊन सांगतो, ‘काही नाही हो, गेटवर होतं.’ ते ऐकून कुणी मुख्य इमारतीच्या दाराशी जाऊन उभा राहिला, तर त्याला तिथून विजय चौकापर्यंत उतरत यावं लागतं.

आता फॉर्म. तसा तो सोपा आहे. मोबाईल नंबर टाकायचा, ओटीपी येतो. काय बघायचं ते निवडायचं, कॅलेंडरवर तारीख, मग तासाचा स्लॉट. त्यानंतर प्रत्येकाचं नाव, वय आणि ओळखपत्राचा क्रमांक. पैसे भरायचे आणि मग वाट बघायची. पैसे गेले म्हणजे प्रवेश मिळाला, असं समजू नका. नोंदणी पक्की झाल्याचा निरोप यायला हवा. तो आला की त्याचा कागद छापून घ्या, मोबाईलच्या भरवशावर राहू नका. दिल्लीच्या थंडीत आमच्या एका काकांचा मोबाईल मफलरसकट बसमध्ये राहिला होता.

फॉर्म सोपा म्हटलं खरं, पण घोळ तिथेच होतो, आणि तो नावांचा. इथे जरा सविस्तर लिहिते, कारण मीच तो घोळ घातलेला आहे.

माझी पहिली दिल्ली २०१८ सालची, सतरा जणांची. ज्येष्ठ नागरिक संघाच्या सचिवांनी फोनवर नावं वाचून दाखवली आणि मी लिहून घेतली. क्रमांक त्यांनी आधीच वहीत उतरवले होते. फॉर्म भरला, निरोप आला, मी खूश. तिथे गेल्यावर जवानाने एकेक कार्ड हातात घेऊन छापील यादीशी पडताळायला सुरुवात केली. पाचवा नंबर आमच्या एका मावशींचा. वय बहात्तर, सिडकोत राहणाऱ्या. यादीत एक नाव आणि कार्डावर दुसरंच. आडनाव तेच, नवऱ्याचं नाव तेच, स्वतःचं नाव वेगळं. जवान म्हणाला, “माताजी, ये तो किसी और का नाम है.” मावशी म्हणाल्या, “अहो, मीच ती.” मराठीत. मी हिंदीत समजावून सांगायला लागले, की आमच्याकडे लग्नात बायकांचं नाव बदलतात, माहेरचं एक असतं, सासरचं एक असतं, आधार काढताना ह्यांनी शाळेचा दाखला दिला म्हणून माहेरचं लागलं, आणि संघाच्या वहीत सासरचं आहे. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मान हलवली. आणि मावशींना बाजूच्या खुर्चीवर बसायला सांगितलं.

चूक त्याची नव्हती. तो कागद वाचत होता, मी गोष्ट सांगत होते. पंधरा जण आत गेले. मी मावशींबरोबर बाहेर थांबले. तास-दीड तास. रायसीनाच्या टेकडीवर माकडं फार, त्यातलं एक येऊन मावशींच्या पिशवीकडे बघत बसलं. मावशी एका शब्दाने बोलल्या नाहीत. परत आल्यावर संक्रांतीला तिळगूळ द्यायला घरी आल्या, तेव्हा हसत हसत म्हणाल्या, “लग्नात तांदळावर अंगठीने नाव लिहिलं ना, तेव्हाच सांगायला हवं होतं, बदलू नका म्हणून.” मला मात्र अजून ते हसण्यावारी नेता येत नाही.

तेव्हापासून माझा नियम असा आहे. नावं फोनवर घेत नाही, व्हॉट्सॲपवर घेत नाही, वहीतून उतरवत नाही. सगळ्यांना एका संध्याकाळी एकत्र बोलावते, मूळ कार्ड घेऊन. चहा ठेवते. प्रत्येकाचं कार्ड माझ्या हातात येतं, मी त्यावरून अक्षर न् अक्षर टाइप करते आणि मग स्क्रीन त्या माणसाला दाखवते, ‘वाचा’ म्हणते. चोवीस जणांना दोन-अडीच तास लागतात. लागू देत. त्या अडीच तासांत काय काय बाहेर येतं बघा.

एक तर इंग्रजी स्पेलिंग. आपली नाशिककडची आडनावं घ्या. देवरे लिहिताना कुणी मध्ये ‘ओ’ घालतं, कुणी ‘व्ही’, कुणी ‘डब्ल्यू’. आहेरमध्ये ‘ए’ एक की दोन? चौधरीचे तर तीन प्रकार मी एकाच घरात बघितलेत, बापाचं वेगळं आणि दोन्ही मुलांचं वेगळं. तुम्हाला कोणतं बरोबर वाटतं याला महत्त्व नाही. कार्डावर छापलेलं चूक असेल, तर फॉर्ममध्येही ती चूक तशीच्या तशी यायला पाहिजे. आमच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांना हे फार जड गेलं. त्यांच्या आधारवर आडनावातलं एक अक्षर गळलंय आणि ते मला दर खेपेला ते अक्षर घालायला लावत होते. शेवटी त्यांच्या पत्नीने त्यांना स्वयंपाकघरात बोलावून घेतलं, तेवढ्यात मी फॉर्म भरून टाकला.

दुसरं, नावांचा क्रम. जुन्या कागदांवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, काहींच्या पॅनवर नवऱ्याचं नाव नुसतं आद्याक्षर. म्हणून ठरवून टाका, सगळ्यांचं एकच ओळखपत्र. मी आधारच घेते, कारण ते सगळ्यांकडे असतं. आणि जे फॉर्ममध्ये घातलं तेच, मूळ, बरोबर न्यायचं. झेरॉक्स नाही, मोबाईलमधला फोटो नाही. ‘मूळ हरवेल म्हणून लॉजच्या कपाटात ठेवलंय’ असं एक काका मला कॅनॉट प्लेसला सांगत होते. मी त्यांना रिक्षात बसवून परत पाठवलं, आणि पुढे तासभर कुणाशी धड बोलले नाही.

तिसरं, ‘बाई’, ‘राव’, ‘ताई’. आधारवर ‘बाई’ लागलेलं असेल तर लावा. नसेल तर आदरापोटी लावू नका.

तारखेचं गणित उलट्या बाजूने करा. आपण आधी गाडीचं आरक्षण करतो आणि मग म्हणतो, आता राष्ट्रपती भवन कुठल्या दिवशी बसतंय बघू. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधीच उघडतं, नोव्हेंबर २०२४ पासून. पूर्वीचे १२० दिवस विसरा. ज्येष्ठांची सवलत तर २०२० सालीच गेली, तिचं रडगाणं इथे नको. गाडीचं आरक्षण उघडेल त्या दिवशी, तिकीट काढण्याआधी, राष्ट्रपती भवनाचं कॅलेंडर उघडून बघा. तुमच्या दिवसांपर्यंत ते उघडलं नसेल तर रोज सकाळी चहाबरोबर बघत राहा. चोवीस जणांना एकाच स्लॉटमध्ये जागा हवी असेल तर शनिवार-रविवार सोडा, मधला वार धरा. २०२३ च्या जूनपासून मुख्य इमारत मंगळवार ते रविवार बघता येऊ लागली. सोमवार आणि सरकारी सुट्टी बंद. तरी शेवटचा शब्द त्या कॅलेंडरचा, माझा नाही.

पोचल्या दिवशीचा स्लॉट कधीही घेऊ नका. नाशिकरोडहून राजधानीने गेलात तर सकाळी निझामुद्दीनला उतरता, पंजाब मेलने गेलात तर दुसऱ्या दिवशी रात्रीच नवी दिल्लीला. राजधानीने गेलात तर कागदावर दुपारचा स्लॉट बसतो. पण हिवाळ्यात उत्तरेकडे धुकं पडलं की गाडी किती तास रखडेल ते स्टेशनमास्तरही सांगत नाही. ज्या दिवशी परतायचं त्या दिवशीही नको. मधला दिवस धरा, आणि त्याच्या पुढचा दिवस आग्र्याचा ठेवू नका, दिल्लीतच मोकळा ठेवा. का, तर कुठल्या देशाचे पाहुणे आले, काही समारंभ ठरला, की नोंदणी झालेली असली तरी भेट रद्द होते. ते राष्ट्रपतींचं घर आणि कचेरी आहे, आपण मधल्या वेळात डोकावणारे. जानेवारीचा दुसरा पंधरवडा तर दिल्लीचाच विचार करू नका. २६ जानेवारीच्या तालमी, कर्तव्यपथ बंद, २९ तारखेला विजय चौकात बीटिंग रिट्रीट, म्हणजे सैन्याच्या बँडचा समारोपाचा सोहळा. तुम्ही फेब्रुवारी-मार्च म्हणताय, ते अगदी बरोबर आहे, कारण त्या दिवसांत बाग उघडी असते. २०२५ साली २ फेब्रुवारी ते ३० मार्च उघडी होती आणि त्यातला २९ मार्च खास ज्येष्ठ नागरिकांसाठी राखून ठेवला होता. तुमच्या वर्षीच्या तारखा निघाल्या की असा दिवस आहे का ते आधी बघा.

पिशव्यांबद्दल. जितकं कमी तितकं बरं. खाण्याचे पदार्थ आत नेऊ देत नाहीत, तेव्हा चिवड्याची पाकिटं, दशम्या, राजगिऱ्याचे लाडू सगळं बसमध्ये. छत्री नको, कॅमेरा नको. मुख्य इमारतीत फोटो काढायचे नाहीत, हे आत्ताच सगळ्यांना सांगून ठेवा. आणि प्रत्येकाला नाव घेऊन विचारा, ‘अडकित्ता आहे का?’ हसू नका. दोन वर्षांपूर्वी तपासणीच्या यंत्रातून एका काकूंचा बटवा गेला आणि पट्टा थांबला. पडद्यावर पातं दिसत होतं. तिथल्या महिला जवानाने बटवा उघडला. आत सुपारीची खांडं, चुन्याची डबी, लवंगा, चार आण्याचं एक जुनं नाणं आणि पितळी मोराचा अडकित्ता. सासूबाईंचा. हरियाणाकडची पोर असावी ती, तिने तो उलटसुलट करून बघितला, “ये क्या काटता है?” म्हणाली. काकूंनी तिथेच सुपारी कातरून दाखवायची तयारी केली. अडकित्ता बाहेर राहिला, काकू आत गेल्या, आणि सगळी इमारत बघून झाली तरी त्यांचा जीव त्या मोरात. परत मिळाला. पण मागची रांग पंधरा मिनिटं खोळंबली. औषधं मात्र चिठ्ठीसकट जवळ ठेवा, आणि स्लॉटच्या वेळेच्या निदान अर्धा-पाऊण तास आधी पोचा.

गुडघे. दोघींना खरं काय ते आधीच सांगा. चालणं बरंच आहे, पायऱ्या आहेत, आणि गटाबरोबर पुढे सरकत राहावं लागतं, वाटेल तिथे टेकता येत नाही. बागेत व्हीलचेअरची सोय असते. बागेच्या दिवसांत सेंट्रल सेक्रेटरिएट मेट्रो स्टेशनपासून ३५ नंबर गेटपर्यंत बसही सोडतात. त्यांना तिन्ही ठिकाणं एका दिवसात झेपणार नाहीत. इमारत एका दिवशी, बाग आणि संग्रहालय दुसऱ्या दिवशी, असं केलंत तर सगळ्यांचंच बरं होईल. कमी ऐकू येणारे कुणी असतील तर त्यांना माहिती सांगणाऱ्याच्या अगदी शेजारी उभं करा, नाहीतर ते मागे राहून ‘काय म्हणाला, काय म्हणाला’ करत बसतात.

एवढा खटाटोप कशासाठी, असं तुमच्यातलं कुणीतरी म्हणेलच. त्यांना सांगा, ३४० खोल्यांचं घर आहे ते. १९११ च्या दरबारात राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला न्यायचं ठरलं, लटयन्स नावाच्या इंग्रज वास्तुविशारदाने नकाशा केला, आणि बांधून होईपर्यंत १९२९ उजाडलं. पूर्वीचा दरबार हॉल, ज्याला २०२४ पासून गणतंत्र मंडप म्हणतात, तिथे १५ ऑगस्ट १९४७ च्या सकाळी स्वतंत्र भारताच्या पहिल्या मंत्रिमंडळाचा शपथविधी झाला. मध्ये दोन टनांचं झुंबर टांगलंय. आमच्यातले सगळे जण त्याच्या बरोब्बर खाली उभं राहायचं टाळत होते. समोर गुप्तकाळातली बुद्धमूर्ती आहे, आणि आमचा गट, जो बसमध्ये एक मिनिट गप्प नव्हता, तिथे आपोआप गप्प झाला.

पण मला विचाराल तर मला बग्गी जास्त आवडते. फाळणीत टेबल-खुर्च्यांपासून सगळ्याची वाटणी झाली, तेव्हा व्हाइसरॉयची सोन्याचा मुलामा दिलेली बग्गी कुणाला द्यायची यावर अडलं. शेवटी भारताच्या आणि पाकिस्तानच्या बाजूच्या एकेका लष्करी अधिकाऱ्याने नाणं उडवलं आणि बग्गी आपल्याकडे राहिली. मधली बरीच वर्षं राष्ट्रपती अशा सोहळ्यांना मोटारीतूनच यायचे. २०१४ च्या बीटिंग रिट्रीटला प्रणव मुखर्जी पुन्हा बग्गीतून आले, आणि २०२४ च्या प्रजासत्ताक दिनाला द्रौपदी मुर्मू. ही गोष्ट जाण्याआधी गटाला सांगून ठेवा, म्हणजे काय बघायला चाललोय ते कळेल.

शनिवारी दिल्लीत असाल तर सकाळी पुढच्या प्रांगणात ‘चेंज ऑफ गार्ड’, म्हणजे पहारा बदलण्याचा सोहळा असतो. घोडे, बँड, सगळा थाट. त्याचीही नोंदणी वेगळी. आणि हो, त्या एका संध्याकाळी चहा ठेवाल तेव्हा मलाही बोलवा. गंगापूर रोडवरून इंदिरानगर काही लांब नाही.


प्रश्न : माझा नातू अमेरिकेत जन्मलेला, वय अकरा. मुलगा-सून डिसेंबरमध्ये येताहेत. आम्ही सगळे मिळून राष्ट्रपती भवन बघणार आहोत. नातवाकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) आहे. मुलाचा पासपोर्ट भारतीयच आहे. नोंदणी एकत्र होईल का? ओसीआय दाखवलं की झालं ना?
— एक आजी, कॉलेज रोड

उत्तर : आजी, ओसीआय कार्ड असलं तरी नातू अमेरिकेचाच नागरिक. फॉर्ममध्ये त्याचं राष्ट्रीयत्व परदेशी लिहा, पासपोर्टचा क्रमांक घाला आणि दारावर मूळ पासपोर्ट दाखवा. ओसीआय बरोबर असू द्या, पण त्याच्यावर विसंबू नका. त्याच्या पासपोर्टमध्ये मधलं नाव म्हणून बापाचं नाव आहे का, की आपल्याकडची तीन नावं तिथे दोनच केलीत, हे मुलाला फोन करून विचारा. तिकडे जन्मलेल्या मुलांच्या नावांत ही गंमत फार असते. पोरगा तिथे एका नावाने शाळेत जातो आणि आजी त्याला भलत्याच नावाने ओळखत असते.

मुलाच्या भारतीय पासपोर्टवरचं नाव मात्र नीट असणार. का म्हणाल, तर पासपोर्टच्या पुस्तिका आपल्या नाशिकरोडलाच छापतात. आता पुस्तिका आम्ही छापल्या म्हणून आतल्या नावाची हमी मी कशी देणार, पण तेवढा माहेरचा अभिमान चालवून घ्या.

डिसेंबरअखेर दिल्लीत धुकं असतं, शाळांना सुट्ट्या असतात आणि गर्दी दोन्हीकडून. २० तारखेच्या आत जमवता आलं तर बघा. नातवाला आजोबांच्या घड्याळावर सोडू नका. स्लॉट साडेदहाचा असेल तर दहाला दारात.


प्रश्न : दिल्लीला जातोच आहोत तर संसदेचं कामकाजही बघता येईल का? त्याची ऑनलाइन नोंदणी कुठे?
— एक वाचक, सिन्नर

उत्तर : त्याचा मार्ग वेगळा. लोकसभेच्या प्रेक्षक गॅलरीचा पास खासदाराच्या सहीने होतो. आणि नुसती सही नाही. हा पाहुणा माझा नातेवाईक किंवा मित्र आहे किंवा मी त्याला व्यक्तिशः ओळखतो आणि त्याची पूर्ण जबाबदारी घेतो, असं खासदाराला लिहून द्यावं लागतं. १३ डिसेंबर २०२३ ला गॅलरीतून दोघांनी सभागृहात उड्या मारल्या, तेव्हा त्यांच्या पासवर कुणाची सही होती, यावर देशभर चर्चा झाली, ते आठवत असेल. त्यामुळे आता कुठलाही खासदार अनोळखी माणसाच्या कागदावर सही करताना दोनदा विचार करणार, आणि त्याने तो करावाच.

खासदाराच्या इथल्या संपर्क कार्यालयात महिनाभर आधी जा. नाव, पत्ता, ओळखपत्राची प्रत आणि अधिवेशनातले दोन-तीन पर्यायी दिवस एका कागदावर नीट लिहून न्या. गेल्या निवडणुकीत प्रचाराला आलो होतो, हे सांगायची गरज नाही. ते सगळेच सांगतात. मिळालं तर उत्तम, नाही मिळालं तर वाईट वाटून घेऊ नका. आणि मिळालाच, तर आत बसल्यावर घोषणा, टाळ्या, हातवारे काही नाही. अगदी जांभईसुद्धा जपून.


प्रश्न : ताई, तुम्ही प्रेसमध्ये होतात असं मागच्या अंकात वाचलं. माझी मुलगी सातवीत आहे, तिला नोटा कशा छापतात ते बघायचंय. प्रेस बघायची काही नोंदणी असते का? तुमच्या ओळखीने काही?
— एक वडील, उपनगर

उत्तर : पर्यटक म्हणून प्रेस बघता येत नाही. माझ्या ओळखीने तर नाहीच. माझ्या यजमानांनी ३१ वर्षं मला गेटवर स्कूटरवरून सोडलं आणि माझं टेबल खिडकीजवळ आहे की भिंतीजवळ, हे त्यांना शेवटपर्यंत माहीत नव्हतं. निवृत्तीच्या दिवशी विचारलं त्यांनी. भिंतीजवळ होतं.

मुलीला त्र्यंबक रस्त्याला अंजनेरीच्या नाणी संग्रहालयात घेऊन जा. जाण्याआधी फोन करून वेळ विचारून घ्या. सातवाहनांच्या नाण्यांपासून पुढची सगळी नाणी काचेपलीकडे मांडलेली आहेत. भिंग बरोबर न्या, लहान नाण्यांवरची अक्षरं नुसत्या डोळ्यांनी लागत नाहीत. येताना अंजनेरीच्या पायथ्याशी भजी मिळतात. तिथे ओळखपत्र विचारत नाहीत.